वाढत्या मापाची बंदूक

अमेरिकेला निघायच्या दिवशी नाशिकला इंदिरानगरच्या आमच्या सोसायटीखाली गाडी उभी होती आणि डिकीत चौथी बॅग काही केल्या मावत नव्हती. आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि धाकटा भाऊ बाळू सकाळच्या एसटीने येवल्याहून आले होते. आईने कुरडया, पापड आणि काळ्या मसाल्याची बरणी पाठवली होती. ती स्वतः आली नाही, कारण चारचौघांत रडलेलं तिला चालत नाही. बाळूने बॅग उचलली, वळला आणि डावीकडच्या फाटकाच्या खांबावर धाडकन आपटला. अभय, माझा नवरा, हसून म्हणाला, "अरे, दिसला नाही का खांब?" बाळूही हसला. आण्णा आणि मी हसलो नाही.

मग आण्णा गाडीच्या खिडकीशी आले. फार बोलणारा माणूस नव्हे. "तिकडं घरोघरी बंदुका असत्यात म्हणं," ते म्हणाले. मी म्हटलं, "असू देत, आपल्याला काय करायच्यात?" त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. टपावर हात ठेवून रस्त्याकडे बघत म्हणाले, "घरात येऊ देऊ नको." बस, एवढंच. मुंबईचा रस्ता लागेपर्यंत अभय विचारत होता की तुझे वडील असं का म्हणाले. मी म्हटलं, गावाकडची माणसं, काहीही बोलतात.

त्याला आता चौदा वर्षं झाली. आण्णा चार वर्षांपूर्वी गेले. आणि या सप्टेंबरात आमच्या घरात बंदूक आली, तीही माझ्या दहा वर्षांच्या मुलीसाठी, रेवासाठी, मीच निवडलेली. तिकडे राहिलेल्या माझ्या माणसांनी ग्रुपवर तिचा फोटो पाहून अंगठे आणि फुलं पाठवली आहेत, आणि इकडे आलेल्यांपैकी दोघांनी कुठून घेतली म्हणून विचारलंय. तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहितेय. फोटोत जे दिसत नाही ते सांगायचं राहिलंय.

आधी आमचं इथलं गाव सांगते. अमेरिकेच्या अगदी उत्तरेला, एक कारखाना, चार चर्च, दोन शाळा आणि बाकी मक्याची शेतं. मी नाशिकला अंबडच्या कारखान्यात तपासणी विभागात होते, इथेही तेच करते. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. अभय म्हणतो, तुला घरी आल्यावरही मापं तपासायचा गेज खाली ठेवता येत नाही. खरं आहे. गॅसचं बटण मी तीनदा बघते. का बघते ते त्याने कधी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नव्हतं.

इथे नोव्हेंबर लागला की सगळं गाव केशरी होतं. केशरी जाकिटं, केशरी टोप्या. हरणाच्या शिकारीचा मोसम. नऊ दिवसांचा, पण तयारी वर्षभर. कारखान्यात रजेचे अर्ज जानेवारीतच पडतात. शाळेत सोमवारी निम्मे बाक रिकामे असतात आणि बाई काही बोलत नाहीत, कारण बाईही गेलेल्या असतात. लहान मुलांनाही नेतात. मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलं पाहिजे, एवढा नियम. रेवाच्या वर्गातल्या मुलींची पहिली हरणं मारून झाली आहेत. दरवर्षी त्या आठवड्यानंतर डब्याच्या सुट्टीत सगळ्या तेच बोलतात आणि माझी मुलगी बटाट्याची भाजी खात ऐकत बसते. तिच्या वर्गात तिच्या रंगाचं दुसरं कुणी नाही. बाकी सगळ्यात ती मिसळली, या एका आठवड्यात तेवढी बाहेर राहायची.

शेजारच्या रॉजरने आम्हाला न विचारता तिला शिकारीला नेतो म्हणून सांगून टाकलं. सत्तरीचा म्हातारा, कारखान्यातून निवृत्त झालेला, मनाने फार चांगला. पहिल्या हिवाळ्यात आमच्या दारातला बर्फ त्याने न सांगता काढला होता. तो म्हणाला, माझ्या नातीला शिकार मीच शिकवली, हिलाही शिकवीन, माझ्या रानात बसू दे. रेवाने उन्हाळ्यात बंदुकीच्या सुरक्षेचा अभ्यासक्रम केला, परीक्षेत पहिली आली आणि प्रमाणपत्र फ्रिजवर लावलं. मीही तिच्या शेजारच्या खुर्चीत बसून तोच अभ्यासक्रम पूर्ण केला. अभयला वाटलं, मुलीच्या हौसेखातर करतेय. मी नको म्हणत होते, पण नको का, ते सांगत नव्हते. कारण न सांगता नको म्हणणारी आई फार दिवस टिकत नाही.

अभयचं बंदुकीचं ज्ञान म्हणजे जत्रेत फुगे फोडायची बंदूक. त्याने फ्रिज घेताना केला होता तसा तक्ता बनवला. वजन, लांबी, धक्का, लोकांचे शेरे. मग आम्ही तिघं दुकानात गेलो. एका भिंतीवर गळ, दुसऱ्या भिंतीवर बंदुका, मधे लहान मुलांचे बूट. काऊंटरवरच्या माणसाने रेवाला विचारलं, उजवी की डावी? मग एक लहान बंदूक तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवली आणि बोट चापापर्यंत पोचतंय का ते पाहिलं. नेमकं पोचलं. दस्ता आखूड, नळी आखूड, धक्का बेताचा, आणि एका वेळी एकच काडतूस. तो म्हणाला, पहिली बंदूक अशीच असावी. पुढचं काडतूस घालायला वेळ लागतो, तेवढ्यात पोराला विचार करता येतो.

अभयने मोठी उचलली. "दोन वर्षांत लहान पडेल गं ही. जरा वाढत्या मापाची घेऊ."

हसू नका. आपण सगळे असेच वाढलो. शाळेचा गणवेश दोन बोटं लांब, बूट एक नंबर मोठा आणि पुढे कापूस. दुकानदाराला ते कळेना. तो समजावत होता की लांब दस्ता खांद्याला नीट बसत नाही, मूल मान वाकडी करतं, तोल नळीकडे जातो, नळी भलतीकडे वळते. अभय मान हलवत होता आणि मोठीच घेणार होता. रेवाने ती खांद्याला लावली. नळी खाली झुकली आणि बाजूला, बुटांच्या फळीपाशी उभ्या असलेल्या एका लहान मुलाकडे गेली.

"खाली ठेव," मी मराठीत ओरडले. सगळं दुकान थांबलं. मी तिच्या हातातून बंदूक घेतली, नळी छताकडे केली, काडतूस घालायची खाच उघडली, आत बघितलं आणि बोटही घालून पाहिलं. मग लहान बंदूक उचलून तिचंही तसंच केलं आणि म्हटलं, "ही द्या."

गाडीत अभयने विचारलं, "तुला हे कसं येतं?" मी म्हटलं, "कोर्समध्ये शिकवलं." ते खोटं नव्हतं. पण हात घाबरून तसे चालतात ते कोर्समध्ये शिकवत नाहीत.

आमचं गाव येवल्याच्या पुढे, माळावरचं. तिथे हरणं आहेत हे नाशिकच्याही पुष्कळ लोकांना माहीत नाही. काळविटांचे कळप, एकेकात वीस-वीस. संध्याकाळी माळावरून उतरायचे आणि कांद्याच्या रोपात, हरभऱ्यात शिरायचे. आण्णांकडे पीक राखायला परवान्याची ठासणीची बंदूक होती. तोंडातून दारू भरायची, वर चिंधी ठोकायची, मागे तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि घोडा सोडायचा. छर्रे आण्णांनी कधी घातले नाहीत. हरणाला मारणं कायद्याने गुन्हा, आणि त्यांच्या मनालाही ते पटायचं नाही. "नुसता बार हाय," ते म्हणायचे. आवाज झाला की कळप उड्या मारत माळावर जायचा आणि आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. नुसता बार. आमच्या घरात बंदुकीची भीती कुणालाच नव्हती.

खंडेनवमीला घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडायची. विळे, कुदळ, कुऱ्हाड, नांगराचा फाळ आणि बंदूक. हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या दिवशी कुठलंही हत्यार चालवायचं नाही, विळ्याने भाजीसुद्धा चिरायची नाही. त्या वर्षी आदल्या संध्याकाळी आण्णांनी बंदूक भरली होती, पण कळप आलाच नाही. ठासणीची बंदूक भरली की रिकामी करायचा साधा रस्ता एकच, ती उडवायची. आणि सकाळ उजाडली ती नवमीची. आण्णा म्हणाले, "आज हत्यार चालवायचं नाय. उद्या शिलंगणाला उडवू." त्यांनी मागची टोपी काढून खिशात ठेवली. "आता ती काठी हाय नुसती." आणि भरलेली बंदूक पाटावर, देवापुढे, फुलांखाली गेली.

मी नऊ वर्षांची होते, बाळू सहा. दिवाळीला तीन आठवडे होते आणि मामाने येवल्याच्या बाजारातून टिकल्यांची डबी आणून दिली होती, त्या लाल, गोल, पिस्तुलात फोडायच्या. आई स्वयंपाकघरात पुरण वाटत होती, आण्णा गोठ्यात होते. मी रोज आण्णांना टोपी बसवताना बघायची. टिकली अगदी तेवढीच होती. मला वाटलं, टिकली फुटेल, टक्कन आवाज होईल आणि बाळू दचकेल. मी टिकली ठेवली आणि दोन्ही हातांनी घोडा मागे ओढला. बाळू पाटाच्या दुसऱ्या टोकाला पालथा पडून नळीवरची फुलं मोजत होता.

पुढचं मी या दसऱ्यापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. आवाज आठवत नाही. झेंडूच्या पाकळ्या भिंतीला चिकटल्या होत्या ते आठवतं. आण्णा धावत आले आणि त्यांनी आधी माझ्या हाताकडे बघितलं. बाळूला उचलायच्या आधी त्यांनी माझी बोटं घोड्यावरून सोडवली आणि मला मोरीत ढकलून दार ओढून घेतलं. नुसताच बार होता. नुसत्या दारूने आणि चिंधीने बाळूचा डावा डोळा गेला.

दवाखान्यात आणि पोलिसांपुढे आण्णांनी सांगितलं, माझ्या हातून उडाली. बंदूक आणि परवाना जमा झाला. लोकांनी त्यांना वाटेल ते बोलून घेतलं, आणि ते पारावर बसायचे बंद झाले. आई मला फक्त एकदा म्हणाली, "झालं गेलं. आता त्याचं नाव काढायचं नाय." तिने मला मारलं असतं तर बरं झालं असतं. आमच्या घरात त्यानंतर तीस वर्षं कुणीही त्याचं नाव काढलं नाही. मी दहावीनंतर मावशीकडे इंदिरानगरला आले ती शिकायला आले असं सगळे म्हणतात. मी त्या घरातून पळाले होते. बाळूला पोलिसात जायचं होतं. तो अजून कांदा करतो आणि हायवे ओलांडताना मान दोनदा वळवतो.

तर यंदाची खंडेनवमी. आम्ही इथे लॅपटॉप, गाडीची किल्ली, मिक्सर आणि माझा मोजमापाचा व्हर्निअर मांडतो. मी कामावरून आले तेव्हा पाटाच्या मधोमध रेवाची बंदूक होती. झेंडू इथे मिळत नाही म्हणून दुकानातली पिवळी शेवंती वाहिलेली. रेवा पाटाशी गुडघ्यांवर बसून नळीला कुंकू लावत होती आणि अभय फोटो काढत होता. मी अभयला विचारलं, "बघितलीस का?"

"रिकामीच आहे गं," अभय म्हणाला.

त्याने स्वतः बघितलं नव्हतं. दुकानातून रिकामी आली म्हणजे रिकामी. मधे दोन रविवार रॉजरच्या रानात नेमबाजीचा सराव झाला होता, ते त्याच्या लक्षातही नव्हतं. मी बूट न काढता देवापुढे गेले, बंदूक उचलली, खाच उघडून आत बघितलं. रिकामी होती. तरीही मला ती खाली ठेवता येईना. फुलं सगळीकडे सांडली. रेवा कुंकवाचं बोट तसंच धरून माझ्याकडे बघत होती. ती कधी मला घाबरलेली नाही, त्या दिवशी घाबरली.

फोटो तोवर सगळ्यांच्या ग्रुपवर गेला होता. तुमचे अंगठे आले. "वाघीण आमची," कुणीतरी लिहिलं. बाळूने पाहिल्याची खूण दिसत होती, पण तो काही बोलला नाही. दसऱ्याच्या दिवशी त्याचाच व्हिडिओ कॉल आला, सोनं घ्या म्हणाला, नेहमीसारखा हसला. रेवा फोनच्या अगदी जवळ गेली आणि तिने विचारलं, "मामा, तुझा डोळा कसा गेला?" पोरीच्या मनात काय जुळलं होतं कोण जाणे. बाळू क्षणभरही थांबला नाही. "फटाका लागला गं, लहानपणी." त्याने ते इतक्या सहज सांगितलं की मला कळलं, खरं माहीत नसलेल्या प्रत्येकाला हे तो आयुष्यभर सांगत आलाय. येवल्याच्या शाळेत, लग्न ठरवताना, स्वतःच्या मुलांना. माझ्यासाठी.

फोन ठेवल्यावर मी रेवाला आणि अभयला समोर बसवून सगळं सांगितलं. अभयने उठून बंदुकीच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. रेवाने एकच विचारलं. "मग तू मामाला सॉरी म्हणालीस?"

मी म्हणाले नव्हते. दरवर्षी राखी पाठवली, शेततळ्याच्या वेळी मदत पाठवली, त्याच्या मुलांना बूट पाठवले, वाढत्या मापाचे. पण ते नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. तो रोपं बघायला वावरात होता, वारा ऐकू येत होता. मी म्हटलं, "बाळू, ती टिकली मी ठेवली होती." तो म्हणाला, "मी तिथंच व्हतो ना, ताई." मी रडत होते आणि तो मला रडू देत होता. मग मी म्हटलं, "रेवाला जाऊ देऊ का? तू नाही म्हण, मी बंदूक आजच परत करते." खरं सांगते, तो नाही म्हणावा म्हणून मी देव पाण्यात घातले होते. त्याच्याशिवाय हे ठरवायचा हक्क कुणाला होता?

"पोरगी काय म्हणती?"

"तिला अजून जायचंय."

"मंग जाऊ दे. पण ताई, नळी तू बघ. दाजींना बघू देऊ नको, त्या म्हाताऱ्याला बी नको. दर टायमाला तू सोता बघ. तुझ्याइतकं कोन बघंल?"

हे त्याने माफ केलं म्हणून म्हटलं की माझ्या माथी मारलं म्हणून, ते मला अजून कळलेलं नाही. तो लय साधं बोलतो. महिना झाला, भाकरी भाजताना, कारखान्यात सुटा भाग हातात घेतला की तेवढंच वाक्य कानात असतं.

आज शुक्रवार. मी रजा घेतली आहे. दुपारपासून रस्त्यावरून गाड्या रानाकडे चालल्या आहेत, मागे केशरी कापडं. उद्या उजाडायच्या अर्धा तास आधी मोसम सुरू होईल. रॉजरच्या रानातल्या लाकडी खोपटात रेवाच्या हाताच्या अंतरावर अभय नसेल, रॉजर नसेल, मी असेन. बंदूक मी आज पाच वेळा उघडून बघितली. उद्या ती मला भरायची आहे, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माझ्या पोरीच्या शेजारी बसून, स्वतःच्या हाताने. रेवा आत तिच्या केशरी टोपीत केस बसवतेय आणि गुणगुणतेय. तिला उद्या हरीण दिसावं असं वाटतंय. मला दिसू नये असं वाटतंय.

मला विचारतात, आता तुझं घर कुठलं, हे का ते? पूर्वी मी हसून वेळ मारून नेत असे. उद्या इथे सकाळ असेल तेव्हा येवल्याला संध्याकाळ असेल. मी बाळूला सांगितलंय, तेवढे दोन तास फोन खिशात ठेव. का, असं त्याने विचारलं नाही. मघाशीच त्याचा निरोप आलाय. "वावरात जानार नाय. वट्यावरच बसतो."